बारीक तार आणि खोटी काटकसर

शालेय पुस्तकांत काही नियम असे असतात की, ते विद्यार्थ्याच्या जिभेवर फार लवकर बसतात, पण त्याच्या हाताशी मात्र कधीच येत नाहीत. तारेच्या रोधाचा नियम हा त्यांपैकीच एक होय. तारेची लांबी वाढली म्हणजे तिचा रोध त्याच प्रमाणात वाढतो; तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ वाढले म्हणजे तो त्याच प्रमाणात घटतो; आणि बाकीचे सर्व, ती तार कोणत्या धातूची आहे व किती तापलेली आहे, यावर अवलंबून राहते. नववी-दहावीचा कोणताही साधारण विद्यार्थी हा नियम न अडखळता म्हणून दाखवील. परंतु आपल्या घरच्या न्हाणीघरातील गीझरला किती जाडीची तार गेली आहे, असे त्यास विचारले तर तो बहुधा निरुत्तर होईल. आणि त्याच्या वडिलांस विचारले तरी उत्तर मिळेलच अशी खात्री नाही. ही गोष्ट आम्हांस शोचनीय वाटते. हा नियम परीक्षेपेक्षा घराचा अधिक आहे, आणि जो घरधनी तारेच्या जाडीत काटकसर करतो तो पैसे वाचवीत नसून धोका विकत घेतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम नियमाचा अर्थ पाहू. सकाळच्या वेळी डोंबिवली स्थानकाचा पादचारी पूल ज्याने ओलांडला आहे, त्यास तो समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पूल जितका लांब तितकी धक्काबुक्की अधिक वेळ सोसावी लागते. पूल जितका रुंद तितकी माणसे एका वेळी शेजारी शेजारी चालून जातात. तारेतील विजेचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. धातूतील सूक्ष्म विद्युत्कण तारेतून वाहताना धातूच्या अणूंवर आदळत जातात, व त्या आदळण्यात त्यांची जी शक्ती खर्च होते ती उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. मार्ग लांब असला तर आदळणे अधिक. मार्ग रुंद असला तर वाट अधिक मोकळी. उपमा ही उपमाच असते, तिला फार ताणू नये. तथापि लांबी व जाडी यांचे कार्य एकमेकांच्या उलट कसे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता या नियमातील एका बारकाव्याकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. रोध घटतो तो काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, व्यासाच्या प्रमाणात नव्हे. व्यास दुप्पट केला म्हणजे क्षेत्रफळ चौपट होते, आणि म्हणून रोध निम्मा न होता चौथ्या हिश्शावर येतो. बाजारात ‘दीड एमएमची’ किंवा ‘अडीच एमएमची’ वायर मागण्याची चाल आहे; परंतु तेथे एमएम म्हणजे व्यासाचे मिलिमीटर नसून काटछेदाचे चौरस मिलिमीटर असतात. १ चौरस मिलिमीटरच्या एकपदरी तारेचा व्यास सुमारे १.१३ मिलिमीटर, आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेचा सुमारे २.२६ मिलिमीटर. वर रबरासारखे आवरण चढवलेल्या या दोन तारा हाती धरल्या तर एक दुसरीहून थोडी जाड एवढेच डोळ्यांस दिसेल. परंतु त्यांच्या रोधात चौपट अंतर आहे. डोळा फसतो, गणित फसत नाही. म्हणूनच ‘जरा बारीक असली म्हणून काय झाले’ हा उद्गार आम्हांस इतका घातक वाटतो.

हा नियम ज्याने प्रस्थापित केला तो पुरुष कोणी बड्या विद्यापीठातील आचार्य नव्हता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जर्मनीतील एर्लांगेन गावच्या एका कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा गेओर्ग सिमोन ओहम हा कोलोन शहरातील जुन्या जेसुइट शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळाली तेवढ्या साधनांवर त्याने काम केले. त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांतील सर्वांत आखूड २ इंचांची व सर्वांत लांब १३० इंचांची होती. त्या वेळच्या विद्युत्घटांचा जोर स्थिर राहत नसे. म्हणून त्याने उकळते पाणी व बर्फ यांच्या तपमानांतील फरकाने दोन धातूंच्या जोडात उत्पन्न होणारी वीज वापरली, व एकेक तार जोडून प्रवाह मोजला. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या देशबांधवांनी आरंभी त्याची फारशी कदर केली नाही. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले. आज रोधाचे परिमाण त्याच्याच नावाने ओळखले जाते. सांगण्याचा हेतू एवढाच की, हा नियम एका शाळामास्तराने तारा मोजून मोजून मिळविला आहे. मग शाळेनेच तो केवळ पाठांतराचा विषय करावा, हे कितपत योग्य आहे?

या नियमाचे मोठे उदाहरण पाहावयाचे असेल तर आपल्या भागातील विद्यार्थ्यास दूर जावयास नको. फलाटावर उभे राहून मान वर केली की पुरे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर सुमारे बहात्तर वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. पुढे थोड्याच वर्षांत ही वीज कल्याणपर्यंत व तेथून दोन्ही घाट ओलांडून पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. या गाड्यांस वीज पुरविण्यासाठी डोंबिवली व कल्याण यांच्या मधोमध ठाकुर्ली येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२९ साली एक वीजघरही उभारले. चोळा पॉवर हाऊस या नावाने ते जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आहे. वीजनिर्मिती तेथे आता होत नाही.

त्या काळी गाडीवरील तारेत विजेचा दाब १,५०० व्होल्ट असे. समजा, एखाद्या गाडीस ३० लक्ष वॉट शक्ती पाहिजे आहे. तर १,५०० व्होल्टच्या दाबाने तिला २,००० अँपिअर इतका प्रचंड प्रवाह द्यावा लागेल. तारेत वाया जाणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांस रोध कमी राखण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि रोध कमी राखण्याचे उपाय आपल्या नियमात सांगितले आहेत तेच दोन. एक, तांब्याच्या जाडजूड तारा टांगणे. दुसरा, तारेची लांबी कमी पडावी म्हणून थोड्या थोड्या अंतरावर वीज पुरविणारी उपकेंद्रे बांधणे. दोन्ही उपाय खर्चाचे होते. पण अभियंत्यांनी त्यात काटकसर केली नाही.

पुढे तिसरा उपाय योजण्यात आला. दाबच वाढवून २५,००० व्होल्ट करावा, म्हणजे तीच शक्ती देण्यास प्रवाह सुमारे १२० अँपिअर पुरतो. प्रवाह जवळजवळ सतरावा हिस्सा झाला, तर त्याच तारेतील उष्णतेचा अपव्यय सुमारे २७८ पटीने घटतो. साहजिकच आता पूर्वीइतकी जाड तार लागत नाही. १०७ चौरस मिलिमीटर काटछेदाची स्पर्शतार काम भागविते, आणि उपकेंद्रेही पुष्कळ दूर दूर ठेवता येतात. मुंबईच्या मध्य रेल्वेवरील मुख्य मार्गाचे हे परिवर्तन २०१५ साली व हार्बर मार्गाचे २०१६ साली पुरे झाले. ज्या तारेखालून आपले विद्यार्थी रोज शाळेस येतात, ती तार म्हणजे ओहमच्या नियमाचा उघड्यावर मांडलेला धडाच आहे.

या उदाहरणाचा घराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, रेल्वेस तीन उपाय मोकळे होते. घरधन्यास दोनच आहेत. घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट ठरलेला आहे, तो आपल्यास बदलता येत नाही. तेव्हा उरली लांबी आणि उरली जाडी. त्यांपैकी लांबी बरीचशी घराच्या रचनेने ठरते. म्हणजे घरधन्याच्या हाती खऱ्या अर्थाने एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे तारेची जाडी. आणि नेमकी तीच गोष्ट आपण वायरमनच्या मर्जीवर व दुकानदाराच्या सवलतीवर सोडून देतो!

आता घरचा हिशेब मांडू. १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश तपमानास सुमारे ०.०१७२ ओहम असतो. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. मीटरच्या पेटीपासून न्हाणीघर १५ मीटर दूर आहे असे धरले, तर वीज जाऊन परत यावयाची असल्याने तारेची लांबी ३० मीटर झाली. तार १ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.५२ ओहम, व तीत उत्पन्न होणारी उष्णता सुमारे ३९ वॉट. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे १६ वॉट, आणि ४ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे १० वॉट. ही उष्णता पाण्यास मिळत नाही. भिंतीच्या आत, पाइपमध्ये, आवरणाच्या खाली ती तारेसच तापवीत राहते. याच बारीक तारेवर कोणी १,००० वॉटची इस्त्रीही लावली तर प्रवाह दीडपट होतो, परंतु उष्णता सव्वादोनपट, म्हणजे सुमारे ८८ वॉट होते. शिवाय तांबे तापले म्हणजे त्याचा रोध स्वतःच वाढतो. २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तपमान चढले तर ही वाढ सुमारे पाचव्या हिश्शाइतकी होते. घरगुती तारांवरील पीव्हीसीचे साधे आवरण ७० अंशांपर्यंतच्या सततच्या तपमानासाठी केलेले असते. त्यापुढे ते हळूहळू कडक होते, तडकते, आणि एके दिवशी आतील दोन तारा एकमेकींस भेटतात.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कित्येक जुन्या चाळी व इमारती अशा काळी बांधलेल्या आहेत की, तेव्हा घरात दोन दिवे, एक पंखा व एक रेडिओ असला म्हणजे कुटुंब सुखी मानले जाई. त्या सर्वांस मिळून १ अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरत असे. आज त्याच खोल्यांत गीझर, मिक्सर, शीतकपाट, धुलाईयंत्र व वातानुकूलन यंत्र आले. तारा मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच राहिल्या. १ अँपिअरच्या जागी १० अँपिअर वाहू लागले म्हणजे तारेतील उष्णता दसपट नव्हे, शंभरपट होते. ‘तीस वर्षे काही झाले नाही, आताच काय होणार?’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचे नम्र उत्तर हेच की, तीस वर्षांपूर्वीची तार तीच आहे, पण तिच्यावरील ओझे ते राहिलेले नाही.

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला असा की, फ्यूज किंवा एमसीबी असताना भीती कसली? फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते, ती एवढ्याचसाठी की प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर सर्वांआधी तिनेच वितळावे व बाकीच्या तारांस वाचवावे. ती वारंवार वितळते म्हणून तिच्या जागी जाड तार गुंडाळण्याचा प्रघात आपल्याकडे सर्रास आहे. असे केल्याने साखळीतील सर्वांत अशक्त दुवा फ्यूजच्या डबीतून उठून भिंतीच्या आत जाऊन बसतो. मोठ्या अँपिअरचा एमसीबी बारीक तारेवर बसविणे हाही त्याच जातीचा प्रमाद होय. रखवालदार तारेच्या ऐपतीप्रमाणे नेमला पाहिजे. नपेक्षा तो जागा असूनही उपयोगाचा नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. दुप्पट काटछेदाच्या तारेत तांबे दुप्पट लागते, आणि तांबे महाग आहे, हे खरे. जाड तारेने विजेचे बिल फार घटेल असेही आम्ही म्हणत नाही. वरच्या उदाहरणातील गीझर रोज एक तास चालला तर १ ऐवजी २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने वर्षाकाठी साडेआठ युनिटांच्या आसपासच वाचतील. तेवढ्यासाठी कोणी भिंती फोडणार नाही. परंतु येथे तोलून पाहावयाचे आहे ते बिल नव्हे. भिंतीतील तारेचे तपमान, आणि त्या भिंतीआड झोपणारी माणसे. घराच्या फरशीस, रंगास व दारांच्या कडीकोयंड्यांस जो खर्च आपण आनंदाने करतो, त्याच्या मानाने जाड तारेचा वाढीव खर्च लहानच असतो. फरशी पाहुण्यांस दिसते, तार दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

जाडीचा हा नियम तारेपुरताच आहे असेही कोणी समजू नये. दोन तारांची टोके नुसती पिळून, वर पट्टी गुंडाळून केलेला जोड ढिला असला म्हणजे विजेस तेथे टेकण्यापुरतीच जागा मिळते. जणू रुंद रस्त्यात एक चिंचोळी फट. अशा जोडाचा रोध केवळ ०.२ ओहम धरला तरी गीझरच्या प्रवाहाने तेथे सुमारे १५ वॉट उष्णता उत्पन्न होते, आणि तीही तीस मीटरांत पसरलेली नव्हे, तर हरभऱ्याएवढ्या जागेत. प्लगभोवतीचा काळा डाग हा त्याचाच पुरावा असतो. तीच गोष्ट स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाची. त्याची दोर बारीकही असते व लांबही असते, म्हणजे नियमाच्या दोन्ही बाजूंनी वाईट. त्यावर गीझर वा इस्त्री लावणे, आणि उरलेली दोर गुंडाळून कोपऱ्यात ठेवणे, म्हणजे उष्णतेस बाहेर पडण्याची वाटही बंद करणे होय.

आता यावर उपाय काय? आमची पहिली सूचना शाळांस आहे. हा नियम विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष मोजवून घ्यावा. एक मीटर नायक्रोमची तार, दोन कोरडे घट, एक अँमीटर व एक व्होल्टमीटर एवढे साहित्य पुरे आहे. प्रथम सबंध तारेचा रोध काढावा. मग तीच तार मधोमध दुमडून दुपदरी करावी व पुन्हा मोजावे. लांबी निम्मी झाली, जाडी दुप्पट झाली. रोध चौथा हिस्सा झालेला विद्यार्थ्यास स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ‘तार ताणून दुप्पट लांब केली तर रोध किती पट होईल?’ या प्रश्नाचे उत्तर तो मग पाठ करणार नाही. त्यास ते आपोआप सुचेल. मात्र हे सर्व प्रयोग कोरड्या घटांवरच व शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावेत. घरातील बटणाच्या पेटीस विद्यार्थ्यांनी हात लावू नये. तेथे पाहणे हा त्यांचा अधिकार आहे, उघडणे हा नव्हे.

दुसरी सूचना पालकवर्गास. वायरिंग करविताना कोणत्या खोलीस किती चौरस मिलिमीटरची तार घालणार, हा प्रश्न परवानाधारक वायरमनला अवश्य विचारावा व उत्तर कागदावर लिहून घ्यावे. गीझर व वातानुकूलन यंत्र यांस थेट पेटीपासून स्वतंत्र व पुरेशी जाड तार असावी. तारेवर आयएसआयची खूण आहे की नाही ते पाहावे. तारेच्या भारतीय मानकात तिची प्रतवारी नुसत्या जाडीवर सोडलेली नाही. तिचा रोध किती असावा हेही ठरवून दिलेले आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या एकपदरी तांब्याच्या तारेचा रोध २० अंश तपमानास किलोमीटरमागे १२.१ ओहमहून अधिक असता कामा नये. आवरण जाड करून आतील तांबे बारीक ठेवणाऱ्याची लबाडी डोळ्यांस कळत नाही. पण ओहमच्या नियमापुढे ती टिकत नाही.

जी गोष्ट नववीच्या मुलास येते ती घरात कोणास ठाऊक नसावी, हा त्या मुलाचाही तोटा आहे आणि घराचाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आज सायंकाळी घरी गेल्यावर एवढेच करा. घरातील कोणती उपकरणे किती वॉटची आहेत याची यादी करा, प्रत्येकीचा प्रवाह काढा, आणि त्या प्रत्येकीस किती जाडीची तार गेली आहे, हा प्रश्न वडिलांसमोर ठेवा. उत्तर ठाऊक नसेल तर वायरमनला बोलावून ते शोधावयास लावा. असा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तुमच्या शिक्षणावर त्यांनी केलेल्या खर्चाची ती पहिली परतफेड आहे.